आडातला गाळ

चैत्र सरत आला की सोलापुरात माती माझं ऐकत नाही. चाकावरून उतरवलेल्या भांड्याचा काठ बघता बघता सुकतो, बूड मात्र अजून ओलं असतं. काठ आक्रसायला लागतो, बूड त्याच्याबरोबर येत नाही, आणि दोघांच्या ओढाताणीत भांड्याला केसासारखी बारीक चीर जाते. म्हणून या दिवसांत मी जुन्या चादरी भिजवून भांड्यांवर पांघरते. दुपारी कामाच्या खोलीत शिरलं की ओल्या सुताचा आणि ओल्या मातीचा मिळून एक वास येतो. खिडक्या लावलेल्या, उजेड अर्धाच. त्या पांघरलेल्या आकृत्या बघून वाटतं, घरी पाहुणे येऊन झोपलेत. मग मीही पाय न वाजवता वावरते.

यंदा चैत्रातच धरणाचं पाणी उतरल्याची बातमी आली. पेपरात फोटो होता. भेगाळलेला तळ, त्यात कलंडलेली एक होडी, मागे दगडी देवळाचं शिखर. फोटो बघितला आणि काही वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आठवला. क्रमानं नाही आठवला. आधी आला गाळाचा वास, मासळीचा आणि जुन्या पाण्याचा. मग तळपायाखालचं ते हलणं. मग आईचा हात, कोपरापर्यंत काळा झालेला, उन्हात चमकणारा.

मी सिरॅमिकची भांडी करते. लोक चिनी मातीची म्हणतात, मी दुरुस्त करत बसत नाही. माझी माती पोत्यांतून बाहेरगावाहून येते, पांढुरकी, शहाणी माती. तिला आकार द्यावा, सुकवावं, एकदा भाजावं, मग वर झिलई, म्हणजे वितळून काचेसारखा होणारा थर, चढवून पुन्हा भट्टीत घालावं. बाराशे अंशांच्या पुढं भट्टीच्या भोकातून आत बघितलं की भांडी दिसत नाहीत, नुसता उजेड दिसतो. त्या उजेडात काय चाललंय ते दुसऱ्या दिवशी भट्टी निवल्यावरच कळतं.

लोक विचारतात, तुम्हाला हे सुचतं कुठून? मी काहीतरी सांगते. खरं म्हणजे मला आकाराच्या आधी रंग दिसतो. माझं बालपण कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. तिथल्या विटांवर धुराचं पूट बसलेलं असे आणि संध्याकाळचं ऊन त्यावर पडलं की भिंत आतून पेटल्यासारखी दिसे. वडील वर्कशॉपमध्ये होते. घासून घासून धुतले तरी त्यांच्या तळव्यांच्या रेघांत ग्रीस राहायचं. जेवताना भाकरीवर ते बोट टेकवायचे नाहीत, दोन्ही तळवे थोडे उचलून भाकरी मोडायचे. ती काळसर, तेलकट चमक मी किती वर्षं झिलईत शोधली. एकदा एका थाळीच्या मध्यावर ती जवळजवळ आली होती.

आईच्या गावाचा रंग मात्र माझ्याकडे नव्हता. ते गाव पाण्याखाली होतं.

आई गावाचं नाव घेत नसे. ती 'तिकडं' म्हणायची. 'तिकडं असताना', 'तिकडच्या सारखं', एवढंच. धरण झालं तेव्हा ती परकर-पोलक्यातली पोर होती. भीमेकाठचं ते गाव उठलं, गावकऱ्यांना वर माळावर नवं गाव मिळालं. आजोबा तिथं न जाता कुर्डुवाडीला आले आणि स्टेशनवर हमाली करू लागले. तिथंच आईचं लग्न झालं, तिथंच मी झाले. वडील गेल्यावर आई माझ्याकडे सोलापूरला आली. कामाच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून ती बसते, ज्वारी निवडते, आणि मी चाकावर काय करते ते बघत असते.

त्या उन्हाळ्यात धरण फारच खाली गेलं. मी तिला म्हटलं, "आई, तुझं गाव वर आलंय. जायचं का बघायला?"

"आलं आसंल," ती म्हणाली. "काय हाय तितं बघायला?"

मी विषय सोडला. दोन-तीन दिवस गेले. एके सकाळी सुपातून मान वर न करता तिनंच विचारलं, "जायाचं म्हणत हुतीस, ते कवा?"

माझ्या डोक्यात तोवर एक स्वप्न तयार झालं होतं. आईच्या घराच्या जागेवरची माती आणायची. तिची भांडी करायची. पुण्याला पावसाळ्यानंतर प्रदर्शन होतं, तिथं ती मांडायची. नावसुद्धा ठरलं होतं मनात, 'बुडालेलं गाव'. डोळे मिटले की ती भांडी दिसायची मला, पाण्याखालचा अंधार अंगावर घेऊन ओळीनं बसलेली.

बुद्धपौर्णिमेची खीर झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून जीप. रस्ता संपला तिथं जीप थांबली आणि पुढं नुसता उजेड होता. धरणाचा तळ असा असेल असं मला वाटलं नव्हतं. काळ्या मातीच्या चकत्या, प्रत्येकीच्या कडा वर वळलेल्या, पापड उन्हात वाळताना वळतात तशा. मध्ये पांढरे शिंपले. वाळून काळ्या झालेल्या बाभळींचे बुंधे. फार लांब, जिथं पाणी उरलं होतं तिथं, रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रेघ, आणि मृगजळामुळे ती रेघ जमिनीपासून जरा वर उचललेली. वरची खपली कडक होती, पण पाऊल पडलं की खालचा गाळ हलायचा. तापल्या दुधावरची साय हलते तसं सगळं हलायचं. आई पुढे चालत होती. साडीचा काठ खोचलेला, चपला हातात. चालता चालता तिचं वय कमी होत चाललंय असं मला वाटत राहिलं.

गावाचा वरचा भाग ओळखू येत होता. दगडी जोती, उंबरे, एका घराच्या चार पायऱ्या कुठंच न जाणाऱ्या. मोटरसायकलींवरून आलेली माणसं देवळापाशी फोटो काढत होती. आई तिकडे वळली नाही. ती उताराला लागली आणि एका सपाट जागी थांबली.

"आमची वस्ती ह्या खालच्या अंगाला. घर हितंच कुटंतरी."

तिथं काहीच नव्हतं. एक दगड नव्हता.

"भिंतीच मातीच्या आमच्या," आई म्हणाली. "इरगळल्या. त्येंची दगडाची हायती, ऱ्हायली."

मी थैली काढली, खुरपं काढलं. "मग इथलीच घेऊ माती?"

आईनं इकडेतिकडे बघितलं आणि तिला हसू आलं. "हितनं गावाच्या मोरीचं पाणी जायाचं की गं नदीला. घरापुढनंच. त्येची करतीस का भांडी?"

मी खुरपं हातात धरून उभी राहिले. ऊन चढत होतं. आई मात्र परत वर, गावाच्या दिशेनं चालू लागली.

गावाच्या मध्यावर एक आड होता. पोहऱ्यानं पाणी शेंदायचा, गोल, घडीव दगडांचा आड. गाळानं काठोकाठ भरलेला, त्यामुळे जमिनीवर कुणी दगडाचं कंकण ठेवल्यासारखा दिसत होता. शेजारच्या जोत्यावर छत्री उघडून आईच्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. हातात हिरव्या बांगड्या, पायात नातवाचे असावेत असे मोठे बूट. त्यांनी आईकडे बराच वेळ निरखून बघितलं.

"कोण गं तू?"

"शेवंता. खालच्या अंगाची. हरिबाची."

बाईंनी छत्री बाजूला केली. "मी शालन. ह्ये आमच्या घराचं जोतं की."

"वळकलं मी," आई म्हणाली. "लांबनंच वळकलं शालनबाई."

शालनबाई सांगू लागल्या. इथं सोपा होता, इथं उखळ होतं, इथं त्यांची आई दूध तापवायची. सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले. "लई गोड गाव हुतं गं आपलं," त्या म्हणाल्या.

आई म्हणाली, "तुमाला हुतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं तिनं सांगितलं. मोटरसायकलवाल्यांचं हसणं लांबून येत होतं.

"नदीला गढूळ पाणी आलं की तू यायाचीस हितं," थोड्या वेळानं शालनबाई म्हणाल्या. "घागर घिऊन. त्या लिंबाखाली उभी ऱ्हायाचीस."

"दुपार हुस्तवर. कोन पाणी घालंल म्हणून वाट बघत."

"मी घालायचे की."

"घालायच्या. वरनं, लांबनं. निम्मं घागरीत, निम्मं माझ्या अंगावर. भिजलेल्या परकरानं घरी जायाची मी."

शालनबाई छत्रीच्या दांड्याकडे बघत राहिल्या. "आई सांगायची तसं करायचे गं. पोरगी हुते मी."

"म्या बी पोरगीच हुते," आई म्हणाली.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. शाळेच्या पुस्तकातून, भाषणांतून जे ठाऊक असतं ते होतं. पण या आडापाशी, या अंतरावर, माझी आई परकर पिळत उभी होती हे नव्हतं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि आडाकडे बघत राहिले. काठाच्या दगडांवर दोरांनी खाचा पडल्या होत्या. किती पिढ्यांच्या दोरांनी. गुळगुळीत, बोट जाईल एवढ्या.

आई आडाजवळ गेली. वाकून तिनं एका खाचेत बोट घातलं आणि ते सावकाश खालपर्यंत नेलं. मग दुसऱ्या खाचेत. "यवड्या खोल असतील वाटलं न्हवतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. लांबून दिसत नसणार. मग ती वळली आणि साडी सारखी करून त्या काठावर बसली.

"बस की," शालनबाई म्हणाल्या. त्यांना घाईघाईनं म्हणावंसं वाटलं असावं.

"बसलेच हाय," आई म्हणाली.

बराच वेळ ती तशी बसली, डोळ्यांच्या कडा ओल्या. वारा आला की शिंपल्यांवरून अगदी बारीक आवाज जात होता. मला तेव्हा वेळेचं भान नव्हतं, आजही ती दुपार आठवताना वाटतं की ती संपलीच नाही, कुठंतरी पाण्याखाली अजून चालूच आहे.

"सुजे," आईनं हाक मारली, "पिशवी आण हिकडं."

मी खुरपं पुढे केलं. तिनं घेतलं नाही. वरची खपली तिनं मुठीनं फोडली आणि आडात हात घातला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. आतला गाळ ओला होता, काळा, लोण्यासारखा. तिनं ओंजळ भरून वर काढली. मी थैली सांभाळत होते, पण तिचं तोंड सारखं मिटत होतं. शालनबाई उठल्या, त्या मोठ्या बुटांतून फरफटत आल्या आणि दोन्ही हातांनी थैलीचं तोंड उघडून धरलं. आई ओंजळीमागून ओंजळ काढत राहिली. त्यांच्या हिरव्या बांगड्यांवर, मनगटांवर गाळ उडत होता.

परतीच्या गाडीत आईनं खिडकी धरली. थैली पायाशी, तिच्यातून थेंब थेंब पाणी डब्याच्या जमिनीवर. मोहोळ मागं पडलं तेव्हा ती म्हणाली, "बुडालं त्ये बरं झालं."

"मग आडावर बसल्यावर डोळ्याला पाणी का आलं?"

"नदी आठवली," ती म्हणाली. "नदी कुनाची न्हवती. कुटंबी उतरा, कुटंबी पवा. वाळूत झरा काढला की काचंसारखं पाणी यायाचं. ती बी गेली की गं त्याच्यासंगं."

'बुडालेलं गाव' हे नाव मी तिला सांगितलंच नाही. ते गाडीतच कुठंतरी राहिलं.

आडातला तो गाळ शहाणा नव्हता. मी तो पाण्यात कालवला, कापडातून गाळला, निवळू दिला. त्यातून शंख निघाले, मुळ्यांचे तंतू निघाले, एक हिरव्या काचेचा तुकडा निघाला, बांगडीचा असेल. मळताना हाताला रेशमासारखा लागायचा, चाकावर वर यायचा आणि एकदम बसायचा. जी भांडी उभी राहिली ती सुकताना अशी चिरली, की धरणाचा तळच फळीवर आणून ठेवल्यासारखं दिसू लागलं. ओल्या चादरी पांघरल्या, सावलीत ठेवली, रात्रंदिवस जपली. चिरलीच. शेवटी एक वाटी कशीबशी टिकली. आतापर्यंतच्या सगळ्या सावधपणाचा कंटाळा येऊन मी ती इतर भांड्यांबरोबर मोठ्या भट्टीत घातली.

भट्टी उघडली तेव्हा वाटी नव्हती. तिच्या जागी भट्टीतल्या भाजक्या मातीच्या फळीवर एक काळं तळं होतं. घट्ट, काचेसारखं, मध्ये काळंभोर आणि कडेला मधासारखं पिवळसर होत गेलेलं. वाटी वितळली होती. फळी वाया गेली होती. मी किती वेळ तिथं उकिडवी बसून त्या तळ्यात बघत होते कोण जाणे. त्यात खिडकी दिसत होती, माझा चेहरा दिसत होता.

आई मागं येऊन उभी राहिली. "बिघडलं व्हय गं?"

"बिघडलं," मी म्हटलं. आणि मग सुचलं. या मातीला उभं राहता येत नव्हतं, पण दुसऱ्या मातीच्या अंगावर ती झिलई होऊन पसरू शकत होती.

आषाढ-श्रावण त्यातच गेले. पांढुरक्या मातीचे मी साधे पेले केले, कान नसलेले, दोन्ही हातांत मावतील असे. काठाखाली ओल्या मातीत बोट टेकवून उभ्या खाचा ओढल्या. आडातला गाळ पातळ करून त्यात ते बुडवले. पहिल्या खेपेला रंग मेला, चिखलासारखा आला. नंतरच्या खेपेला इतका वाहिला की पेले फळीला चिकटले. मी भट्टी सावकाश निवू दिली, थर पातळ केला, परत घातले. बाहेर पावसाची भुरभुर होती आणि तिकडे धरण भरत होतं. पेपरात रोज आकडे येत. आई ते वाचून दाखवायला लावायची आणि ऐकून पुन्हा ज्वारी निवडायला लागायची.

एका सकाळी पेले आले. खाचांच्या कडांवर झिलई पातळ होऊन मधाळ झाली होती आणि खाचांच्या आत साठून काळी. हातात घेतले तर अजून कोमट होते. आईनं एक उचलला, खिडकीशी नेला.

"काकवीसारखा दिसतोय," ती म्हणाली. तिनं बोट एका खाचेवरून खालपर्यंत नेलं. मग विचारलं, "ह्यात पाणी पिलं तर चालतं?"

"चालतं की. पाण्यासाठीच केलाय."

तिनं माठातलं पाणी घेतलं आणि प्याली. पेला धुऊन माठाशेजारी ठेवला. बाकीचे मी पुण्याला नेले. तिथं पाटीवर 'पाण्याचे पेले' एवढंच लिहिलं. एका बाईंनी विचारलं, हा रंग कुठून आणला? मी म्हटलं, आईनं काढून दिला.

दिवाळीनंतर शालनबाई आमच्याकडे आल्या. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापुरात लेकाकडे आल्या होत्या, त्या दिवशी मी दिलेल्या नंबरावर फोन करून, पत्ता विचारत रिक्षानं आल्या. डोळ्यावर काळा चष्मा. जिना चढून धाप लागली होती. खुर्चीत टेकल्या, पदरानं मानेवरचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "पाणी दे गं शेवंता. लई तहान लागलीय."

आई आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले. मला वाटलं, आता या क्षणासाठीच तर हे सगळं घडलं. मी माठाशेजारचा पेला उचलून तिच्यापुढे धरला. आईनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नको. तिनं फळीवरचा स्टीलचा गिलास घेतला, आमचा रोजचा, आम्ही सगळे पितो तो. विसळला, काठोकाठ भरला आणि सांडू नये म्हणून खाली दुसरा हात धरून बाहेर नेला.

शालनबाईंनी तो ओठाला लावून सगळा संपवला आणि पुढे केला. "आणिक दे." आईनं आणखी दिला. मग दोघी गुडघ्यांवर बोलल्या, सुनांवर बोलल्या, नदीवर पुष्कळ बोलल्या. वाळूत झरा काढायची जागा कोणती यावर त्यांचं एकमत होईना. निघताना शालनबाई म्हणाल्या, "येत जाईन गं आता," आणि आई म्हणाली, "ये की शालन."

त्या गेल्यावर मी विचारलं, "आई, त्यांना त्या पेल्यात का नाही दिलंस पाणी?"

"पाव्हण्याला आपन स्टीलच्याच गिलासात देतो की."

"देतो. पण आज—"

"त्यो माझा हाय," आई म्हणाली. तिनं पेला माठातून भरून घेतला आणि खुर्चीत येऊन बसली. संध्याकाळ होत आली होती. दिवा लावायला ती उठली नाही, मीही उठले नाही. खोलीत अंधार होत गेला आणि ती सावकाश, घोट घोट, पाणी पीत राहिली.